मुद्दल राखणारी शेती

कोकण किनाऱ्यावर ‘आगर’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक मिठाचे आगर, दुसरे नारळ-सुपारीचे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर या गावाची ओळख दुसऱ्या अर्थाने आहे. गाव प्राचीन आहे. येथे मिळालेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठी भाषेतील आरंभीच्या लेखांपैकी एक मानला जातो. १९९७ साली याच गावातील एका सुपारीच्या वाडीत खोदकाम चालू असताना सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि दिवेआगरचे नाव महाराष्ट्रभर झाले. २०१२ साली तो मुखवटा चोरीस गेला, तेव्हा ते नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. ज्या मातीतून ते सोने निघाले, तीच माती पिढ्यान्‌पिढ्या नारळ आणि सुपारी देत आली आहे. त्या उत्पन्नाची मात्र कधी बातमी होत नाही.

मुद्दल आणि व्याज यांतील भेद व्यापारी घरातील मुलाला फार लवकर कळतो. व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये, ही शिकवण वहीपूजनाइतकीच जुनी आहे. शेतीकडे याच दृष्टीने पाहिले, तर पिकांचे दोन वर्ग सहज वेगळे होतात. भात, नाचणी, ज्वारी, गहू ही वार्षिक पिके. दाणा हाती आला की रोप संपते. पुढल्या वर्षी जमीन पुन्हा नांगरावी लागते; बी, खत, मजुरी आणि बहुधा कर्जही नव्याने उभे करावे लागते. दरसाल भांडवल मोडायचे आणि दरसाल ते गोळा करायचे, असा हा व्यवहार आहे. नारळ, सुपारी, फणस, कोकम, जायफळ, मिरी ही बहुवार्षिक पिके. यांत फळ घेतले जाते, झाड उभे राहते. एकदा उभारलेले मुद्दल शाबूत ठेवून त्याच्या वाढाव्यावर जगण्याची ही रीत आहे.

दिवेआगरच्या किनाऱ्यावर आधी पुळण लागते, मग सुरूचे बन आणि केवडा, आणि त्यांच्या आडोशाने आत वाड्या सुरू होतात. वाडीची रचना एखाद्या मजल्यांच्या घरासारखी असते. सर्वांत वर नारळाच्या झावळ्या. त्यांच्या खाली सरळ, सडपातळ सुपारी. तिच्या सावलीत जायफळ, दालचिनी, केळी. खोडांवर चढलेले मिरीचे वेल. जमिनीलगत अननस किंवा हळद. प्रत्येक झाडाला जेवढे ऊन लागते तेवढे मिळावे आणि वरच्याने सांडलेले खालच्याने उचलावे, असा हा हिशेब आहे. पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने पाणी पाटात पडे आणि पाटातून झाडांच्या आळ्यांत जाई. रहाटाची जागा पंपाने घेतली, तरी आळे आणि पाट राहिले. गळलेली झावळी त्याच आळ्यात कुजते आणि त्याच झाडाचे खत होते.

या मजल्यांना वय आहे. केळ वर्षभरात घड देते. अननसाला त्याहून थोडे अधिक लागते. मिरीचा वेल तीन-चार वर्षांनी फळतो. सुपारीला पाच ते सात वर्षे लागतात. बाणवली जातीच्या उंच नारळाला सहा ते आठ वर्षे द्यावी लागतात, पण नंतर तो साठ वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ फळत राहतो. जायफळाची गोष्ट आणखी निराळी. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेले रोप नर निघाले हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षांपर्यंत, कळत नाही. यामुळेच मादी झाडाच्या फांद्यांपासून केलेली कलमे आता लावली जातात. थोडक्यात, वाडी ही वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींची मांडणी आहे. एक ठेव पिकेपर्यंत दुसरी घर चालवते.

जैन परंपरेत शेतीविषयीची भूमिका एकेरी नाही. भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे आदिपुराण सांगते. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव परिसरातील हजारो दिगंबर जैन कुटुंबे आजही शेतीवर जगतात. दुसऱ्या बाजूस श्रावकासाठी सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म आहे. त्यात भूमी फोडणे, खणणे, नांगरणे येते. मातीच्या प्रत्येक ढेकळात पृथ्वीकाय आणि त्रस जीवांची वस्ती आहे, म्हणून ज्यांना दुसरा उद्योग साधला त्यांनी नांगर टाळून तागडी हाती धरली. मात्र तागडी धरणाऱ्याच्या ताटातला दाणाही कोणीतरी नांगरलेल्या जमिनीतूनच येतो. हा प्रश्न व्यापाराने सुटलेला नाही, दुसऱ्याच्या शेतात गेला आहे.

बहुवार्षिक शेतीचे महत्त्व येथे कळते. वाडी एकदा उभी राहिली की नांगर आत येत नाही. माती उघडी पडत नाही, तिच्यातील जीवसृष्टी दरवर्षी उलथीपालथी होत नाही, आणि पावसाळ्यात सुपीक थर ओढ्यातून समुद्राकडे वाहून जाण्याचे प्रमाण घटते. षड्लेश्यांचा दृष्टान्त घराघरांत माहीत आहे. भुकेले सहा मित्र फळांनी लगडलेल्या जांभळाच्या झाडाखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्यांवर थांबतो, तिसरा डहाळ्यांवर, चौथा घोसांवर. पाचवा केवळ पिकलेली फळे काढू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेल्या फळांत तृप्त होतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा प्रवास भावांचा आहे, पिकांचा नाही. पोटासाठी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला त्यावरून कमी लेखणे अनुचित ठरेल. तरीही एवढे म्हणता येते की बहुवार्षिक पीक माणसाला पाचव्या-सहाव्या मित्रासारखे वागण्याची सवड देते. झाड तोडून तेथे कोणाचेच भले होत नाही.

वाडी निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. पावसाळ्यापूर्वी सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारावे लागते. जमिनीलगतची हळद काढताना माती खणावीच लागते. नारळाला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांचा उपद्रव असतो. यांतील गेंड्या भुंगा कुजत्या खोडांत आणि उघड्या शेणखताच्या ढिगांत वाढतो. म्हणून मेलेले खोड वेळेवर हलवले आणि खताचा खड्डा झाकला, तर पुढे औषध मारण्याचे प्रसंग कमी येतात. आधीची काळजी नंतरची हिंसा वाचवते. जयणा या शब्दाचा शेतीतील अर्थ बहुधा हाच असावा.

या शेतीला दुसरीही मर्यादा आहे. शास्त्राने आहाराचे अशन, पान, खादिम आणि स्वादिम असे चार भेद केले आहेत. दिवेआगरच्या वाडीतून पान मिळते, कारण शहाळ्याचे पाणी आहे. खादिम मिळते, कारण केळी, अननस, नारळ आहेत. स्वादिम तर विपुल, कारण सुपारी, जायफळ, दालचिनी आहे. अशन मात्र मिळत नाही. भातासाठी खाचरच लागते, आणि खाचर दरसाल नांगरावे लागते. जगात या उणिवेवर काम चालू आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९७६ साली स्थापन झालेल्या लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने गव्हाच्या नात्यातील एका बहुवार्षिक गवतापासून कर्न्झा नावाचे धान्य विकसित केले. त्याचे उत्पादन गव्हाहून बरेच कमी आहे. चीनमधील युन्नान विद्यापीठाने तयार केलेला बहुवार्षिक भात अधिक पुढे गेला आहे. एकदा लावलेल्या त्या भाताने चार वर्षांत आठ पिके दिली आणि उत्पादन नेहमीच्या भाताच्या बरोबरीचे राहिले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे. कोकणच्या खाचरांत असा भात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत फणस, विलायती फणस आणि केळी हीच वाडीतील पोटाला आधार देणारी झाडे आहेत, आणि नव्या लागवडीत त्यांना सन्मानाने जागा मिळायला हवी.

मुद्दल राखणाऱ्या या शेतीची कठोर परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड या पट्ट्यातील वाड्या काही तासांत आडव्या केल्या. सुपारीची सडपातळ खोडे मधूनच मोडली, नारळ मुळांसकट उपटले, किनाऱ्याचे सुरूही पडले. वार्षिक पिकाचे शेत बुडाले तर एक हंगाम जातो. वाडी पडली तर वडिलांनी लावलेले आणि मुलांसाठी राखलेले एकाच दिवशी जाते. मुद्दल वर्षानुवर्षे शाबूत राहते हे या शेतीचे बळ आहे. ते सारे उघड्यावर एकाच जागी उभे असते, ही तिची दुर्बलता आहे.

नुकसानभरपाईच्या वेळी हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये हा तेव्हाचा निकष होता. राज्य शासनाने तो निसर्गग्रस्तांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, असा वाढवला. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात मोजली जात नाही, गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला सुमारे ५,००० रुपये. पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचे ठरले: नारळाच्या झाडाला २५० रुपये, सुपारीच्या झाडाला ५० रुपये. उदाहरणादाखल, त्याच दहा गुंठ्यांतील १२० सुपारी आणि १० नारळ पडले असतील, तर ६,००० अधिक २,५०० मिळून ८,५०० रुपये होतात. पद्धत अधिक न्याय्य झाली, यात शंका नाही. तरीही पन्नास रुपये ही झाडाची किंमत नव्हे. उत्पन्न देणारे झाड म्हणजे त्याने गिळलेली सहा-सात वर्षांची मजुरी, पाणी, खत आणि पुढील चाळीस वर्षांचे उत्पन्न. कोणताही जाणकार व्यापारी चालत्या दुकानाची किंमत केवळ आतील मालावर लावत नाही. झाडाचे मोल मात्र रोपाच्या भावाच्या आसपास लागते, कारण वाट पाहिलेल्या वर्षांचा रकाना आपल्या हिशेबाच्या वहीत नाही.

पुन्हा लागवड करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण होती. सुपारीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. नैऋत्येकडून येणाऱ्या उन्हाने त्याचे खोड करपते. जुन्या वाडीत ही सावली फुकट मिळत असे. वादळाने झाडांसोबत सावलीही नेली. म्हणून क्रम बदलावा लागतो. आधी केळ, तिच्या आडोशाने सुपारी, सोबत नारळ, आणि त्यांची सावली स्थिरावली की जायफळ व मिरी. सावली हेही भांडवलच आहे आणि तेही पायरीपायरीने उभे करावे लागते. २०२० च्या पावसाळ्यात तातडीने लावलेली सुपारीसुद्धा पाच ते सात वर्षांच्या हिशेबाने २०२५ ते २०२७ च्या सुमारास फळावर येते. तोपर्यंतचा घरखर्च कोठून आला, याचे उत्तर दिवेआगरमध्ये बहुतांशी पर्यटनाने दिले.

पर्यटन हा आधार आहे आणि धोकाही आहे. मुंबई-पुण्याची कुटुंबे, त्यांत व्यापारी कुटुंबेही आली, शनिवार-रविवारी दिवेआगरला जातात. वाडीतील घरगुती निवासात राहतात, उकडीचे मोदक खातात, नारळाच्या सावलीत विसावतात. या येण्याने वाडीला रोख रक्कम मिळते. पण पडलेल्या वाडीच्या जागेवर पुन्हा रोप लावून सात वर्षे थांबावे, की तेथे चार खोल्या बांधाव्यात, की सरळ जागा विकावी, या तीन पर्यायांतील पहिला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत उशिरा फळणारा आहे. सावलीसाठी आलेल्या पाहुण्यासाठी सावलीची झाडेच तोडली गेली, तर दृष्टान्तातील पहिल्या मित्राचा सल्ला मानल्यासारखे होईल.

दिवेआगरची आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या पट्ट्याचे मुख्य पीक सुपारी आहे. श्रीवर्धनचा रोठा बाजारात नावाजलेला आहे आणि त्याच्या व्यवहारात अनेक जैन पेढ्या आहेत. पूजेच्या ताम्हनात सुपारीचे स्थान अढळ आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हटले आहे. पूजेची सुपारी आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांत भेद करण्याची वेळ आली आहे. ज्या घरात मुखवासाच्या डब्यात सुपारीऐवजी बडीशेप, वेलदोडा आला, त्या घराने आरोग्य राखले. मात्र सुपारीवर जगणाऱ्या बागायतदाराला पर्याय न देता केवळ उपदेश देणे हा एकतर्फी व्यवहार होईल.

पर्याय कोकणातच तयार आहे. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ या नावाने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी आणि केळी, अननस यांची मिश्र लागवड रुजवली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’, दालचिनीची ‘कोकण तेज’, कोकमाची ‘कोकण अमृता’ अशा जाती दिल्या आहेत. दिवेआगरच्या जुन्या वाडीत जे अनुभवाने चालत होते, त्याला येथे मोजमाप आणि निवडक कलमे मिळाली. अशा वाडीत एका पिकाचा भाव पडला तर दुसरे हात देते. वादळात उंच झाडे गेली, तरी खालच्या मजल्यातील काही झाडे टिकण्याची शक्यता राहते. सर्व रक्कम एकाच पेढीत न ठेवण्याचा व्यापारी नियम वाडीलाही लागू आहे.

येथे व्यापारी कुटुंबांचा संबंध थेट येतो. बागायतदाराने सात वर्षे थांबायचे की नाही, हे पुष्कळदा त्याचा खरेदीदार ठरवतो. बाजारात दालचिनी म्हणून विकला जाणारा बराच माल जाड सालीचा, परदेशी तज असतो; कोकणची पातळ सालीची खरी दालचिनी ओळखणारा आणि तिला योग्य भाव देणारा व्यापारी मोजका आहे. जायफळ, जायपत्री, कोकम, मिरी यांच्या खरेदीचा बोलीने का होईना, पण काही वर्षांचा शब्द बागायतदाराला मिळाला, तर तो जागा विकण्याआधी पुन्हा विचार करतो. समाजाच्या पतसंस्था अनेक तालुक्यांत आहेत. फळबागेच्या कर्जाचा पहिला हप्ता झाड फळण्यापूर्वी मागायचा नाही, मधल्या काळात केवळ व्याज किंवा केळीच्या उत्पन्नाइतकाच भरणा घ्यायचा, एवढी सोय त्यांनी केली तरी ती मोठी मदत होईल. शासनाने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड १९९० पासून चालवली आहे. त्या योजनेने लावलेल्या झाडाला फळ येईपर्यंतच्या शेवटच्या वर्षांत हात द्यायला समाजाचा पैसा पुरेसा आहे.

दानाच्या बाबतीतही थोडा बदल करता येईल. वाढदिवस, वर्षीतपाचे पारणे, पुण्यतिथी अशा निमित्ताने वृक्षारोपण होते, छायाचित्र निघते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळते. शंभर रोपे लावण्यापेक्षा पाच रोपांचा सात वर्षांचा सांभाळ उचलणे अधिक खर्चाचे आणि कमी देखाव्याचे आहे. पाणी, कुंपण, खत आणि राखणदाराची मजुरी यांसह हा संकल्प केला, तर सातव्या वर्षी ती पाच झाडे स्वतःच देऊ लागतात आणि दात्याची जबाबदारी संपते. समाजात मोठी दाने पुष्कळ होतात. मुदतीचे, चिकाटीचे दान त्यामानाने विरळ आहे.

परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या संपत्तीला मर्यादा घालतो. क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, ही त्या मोजदादीतील पहिली नावे आहेत. किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीकडे घर बांधण्यासाठी म्हणून नजर जाते, तेव्हा हे व्रत आठवणे उचित आहे. जमीन घेणे अपरिहार्यच असेल, तर उभी झाडे तशीच राहतील, ती सांभाळणारे हात तेच राहतील आणि पडलेल्या जागी रोप लागेल, एवढी अट खरेदीखतात नसली तरी मनात लिहून ठेवता येते. दिवेआगरच्या वाडीत आज जो नारळ फोडला जातो, तो लावणारा माणूस बहुधा हयात नाही. त्याने लावलेल्या मुद्दलाचे व्याज पुढच्यांनी खाल्ले. आता या पिढीच्या खात्यात जमेच्या बाजूला काय लिहिले जाईल, हे येत्या दोन-तीन पावसाळ्यांत लावलेल्या रोपांवर अवलंबून आहे.